दाजी रुसले

आता तुमीच सांगा, भर पंगतीत दाजी पुरीला हात लावत न्हाईत आन नुसता मठ्ठा पितात, तोबी एक न्हाई, पाच गिलास, तर माणसानं समजायचं काय? दाजी रुसले, दुसरं काय!

धनाजीच्या पोरीचं लगीन हो, धनश्रीचं, शिवऱ्याच्या कार्यालयात, हायवेच्या कडंला, गाड्या लावायला जागा न्हाई म्हणून निम्मं वऱ्हाड टेम्पोतच बसलेलं... ते जाऊ द्या. तर दाजी म्हंजे मार्गासनीचे आनंदराव, धनाजीच्या थोरल्या बहिणीचे, बाळाबाईचे मालक. आन धनाजी कोण? अख्ख्या कामथडीत आग्रह करावा तर त्यानंच. तुमी ताटावर आडवं पडा, हा हाताच्या फटीतनं जिलेबी सोडणार. आन त्याच्याच मांडवात सख्खे दाजी उपाशी उठले! मग काय, लगीच कारणं सुरू. कोण म्हणतं, पत्रिकेत नाव बारीक छापलं. कोण म्हणतं, फेटा उशिरा बांधला. कोण म्हणतं, व्याह्याला खुर्ची आन दाजींना सतरंजी, हे बरं दिसतं व्हय? बाळाबाई बिचारी सांगत होती, घरीबी भाकरी दुधात कुस्करूनच खातात, घास अडकतो, पित्त झालंय म्हणतात. पण बाईमाणसाचं ऐकतंय कोण? दाजी रुसले, दुसरं काय!

मग रुसवा काढायला नको? आठव्या दिवशी धनाजी मार्गासनीला हजर. टॉवेल, टोपी, नारळ आन डबा भरून मटण. म्हणाला, दाजी, चुकलंमाकलं पोटात घाला, माझ्या हातचा एक घास घ्या. दाजींनी हात जोडले, मान हलवली, पण हा गडी ऐकतोय व्हय? घातलाच तोंडात. दाजींनी मान राखायला गिळला... आन डोळ्यांत पाणी, छातीवर मूठ, तसेच उठून गोठ्यामागं पळाले आन घास बाहेर. धनाजी बघतच राहिला. माझ्या हातचा घास थुकला! उठला, एसटी धरली, घरी. सहा महिने फोन न्हाई, दिवाळीला बहिणीला आणायला गेला न्हाई. आता रुसलं कोण, सांगा बरं.

आन एक दिवस बाळाबाईचाच फोन आला, पुण्याच्या दवाखान्यातनं. दाजींना दुर्बीण घातली तर अन्ननलिकेत गाठ. कॅन्सर. आता पाणीबी उतरंना, म्हणून पोटाला भोक पाडून नळी बसवली, तीतनं दूध आन पेज. धनाजी तिथं पोचला तर डॉक्टरांनी ह्यालाच झापलं, घास अडकायला लागला तेव्हाच का आणलं नाही, आता फार उशीर झालाय म्हणून. काय सांगणार त्यांना? साहेब, दाजी रुसले, दुसरं काय... असं?

धनाजी कॉटपाशी बसला आन लहान पोरागत रडला. "दाजी, एका शब्दानं सांगायचं तरी."

दाजींचा आवाज बसलेला. "पोरीचं लगीन तुझं. मांडवात दुखणं कुठं काढू? तुमाला वाटलं रुसलो. म्या म्हणलं, वाटू दे."

लई वाईट वाटतं हो, हे सांगतानाबी. त्या दिवशी बाळाबाईनं भावापुढं डबा उघडला तर हा म्हणे बाहेर जाऊन खातो. दाजींनी हात धरला, हितंच जेव, तुला जेवताना बघून बरं वाटतं म्हणाले. धनाजीनं भाकरीचा घास घेतला, चावला, चावतच राहिला... उतरंना.

होळीच्या आधी दाजी गेले. आन धनाजीचं अजून तसंच. दोन घास खाल्ले की छातीवर हात, डोळ्यांत पाणी, ताट बाजूला. घरचे घाबरले, भोरला नेऊन त्याचीबी दुर्बीण करून आणली. डॉक्टर म्हणाले, अन्ननलिका एकदम साफ आहे, काहीही अडकलेलं नाही. आता एवढा शिकलेला माणूस कागदावर लिहून देतोय म्हणल्यावर, आपण काय बोलायचं!