डावीकडे मोकळं

(दोघींपुरतं, बिनइंजिनाचं ग्लायडर. पुढे आत्या, मागे भाची. ढगाखाली संथ घिरट्या चालल्या आहेत.)

आत्या : ...डावीकडे मोकळं. वळते. बघ, आपसूक वर चाललोय. पाळण्यात बसल्यासारखं वाटतं नाही?

भाची : डोळा लागेल माझा.

आत्या : मग झोप. परीक्षा माझी आहे. तू खाली उतरून फक्त सही कर, की ही बाई अजून वर्षभर एकटी उडू शकते.

भाची : तळं बघ, टिकलीएवढं दिसतंय.

आत्या : लहानपणी तू इथून त्यात पाय बुडवायचा हट्ट धरला होतास. डावीकडे मोकळं.

भाची : आत्या, डाव्या पंखापाशी कोण आहे?

आत्या : कोणी नाही. यंत्र गप्प आहे ना! असंच यंत्र बसवलेलं कोणी जवळ आलं तर बोंब मारतं ते.

भाची : घार आहे. केव्हाची आपल्याबरोबर फिरतेय.

आत्या : अगं बाई, केवढी जवळ! पण घारीकडे कुठलं आलंय यंत्र?

भाची : आणि सुतारकाकांच्या लाकडी ग्लायडरमध्ये?

आत्या : छे, ते कसले बसवतायत! पण ते आज कुठे...

भाची : आपल्या खाली, पलीकडच्या बाजूला. तीन घिरट्या झाल्या, मी बघतेय. लांब आहेत, घाबरू नकोस.

आत्या : मग बोलली का नाहीस?

भाची : तुला दिसतायत का, ते बघत होते. मागून मला तुझा अंबाडाच दिसतो. सहा वेळा ‘डावीकडे मोकळं’ म्हणालीस. अंबाडा एकदाही हलला नाही.

आत्या : मला शिकवतेस? तुझा कान धरून मान वळवायला मी शिकवलं!

भाची : म्हणून तर घार दिसली.

आत्या : ...डोळे चांगले आहेत गं माझे. मानही दुखत नाही. हे यंत्र आलं आणि बघणं कधी सुटलं, कळलंच नाही. बोलणं तेवढं राहिलं.

भाची : हं.

आत्या : सही नाही करणार ना?

भाची : आज नाही. मला फार वाईट वाटतंय, आत्या. पण आज नाही.

आत्या : केली असतीस, तर मी तुझ्यावर चिडले असते. आत्ता नाही, तरी उद्या चिडले असते.

भाची : ऊन अजून बरंच आहे, वर राहता येईल. यंत्राच्या पडद्यावर रुमाल टाक. बोंब मारलीच तर ऐकू येईल.

आत्या : टाकला. आता वळायचंय. डावीकडे...

भाची : डावीकडे काय?

आत्या : थांब गं, बघू दे.