डायस्पोरा म्हणजे फोकणी

"आजोबा, डायस्पोरा म्हणजे काय हो?"

मैत्रीण आरोहीने पैज लावली म्हणून झरीनने रत्नागिरी स्टँडवर, मालगुंडच्या गाडीच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी म्हाताऱ्याला विचारून टाकलं. अब्बा अम्मीला आणि तिला कायमचं दोहाला न्यायला आले होते. येणार की नाही, ते तिने आज घरी सांगायचं होतं. पण पैज ती पैज!

"कसलं औषध काय गो?"

"औषध नाही, इंग्रजी शब्द आहे," आरोहीने मोबाइलमध्ये बघून सांगितलं. "आपला मुलूख सोडून देशोदेशी पांगलेली माणसं. मूळ ग्रीक. बी विखरून पेरणं, असा अर्थ."

"मग फोकणी म्हण की! मुठीने बी फेकायचं, पडेल तिथे रुजेल." आजोबा शेजारच्या आजींकडे वळले. "ऐकलंस काय गो? आपले पोरगे डायस्पोरा झाले. एक डोंबिवलीला, एक मस्कतला."

"मोठं कौतुक! शेतात सगळंच्या सगळं बी फोकलंत कधी?"

"नाय बा. बियाण्याला थोडं राखायला लागतंच."

"मग पोरांच्या वेळी काय झालं?"

"तूच म्हणालीस, जाऊ देत दोघांना."

"जन्मात माझं कधी ऐकलं नाहीत, ते नेमकं तेव्हाच ऐकलंत!"

सगळी रांग हसली. झरीनही खिदळली, मग एकाएकी रांगेतून बाहेर पडून मावशीला, रझियाखालाला, फोन लावू लागली.

घरी पोचताच तिने चपलाही काढल्या नाहीत.

"अब्बा, अम्मी, दोहाला तुम्ही दोघं जा. मी इथेच राहणार. रझियाखालाने माझ्यासाठी कपाटातला एक खण रिकामासुद्धा केलाय!"