मारलं त्यानं डोळे मिटायचे

नातवंडांनो, चौक गावात जुन्या हायवेवर यशवंतचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. आपली गाडी नेहमी तिथेच जाते. लढाईत माणसांऐवजी यंत्रं पाठवली तर त्यात वाईट काय, असं तुम्ही फोनवर विचारलंत. यशवंत फौजेत होता, म्हणून त्याला विचारलं. तो जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहिते आहे.

आमचं गाव चौकच्या वर, माथेरानच्या पायथ्याला. आमची बौद्धवाडी खालच्या अंगाला, वर डोंगरात ठाकरवाडी, आणि मधी भाताची खाचरं, त्यांची आणि आमची बांधाला बांध लागून. आजा शेतमजूर, बाप भिवपुरीच्या वीजघरात हेल्पर, आणि घरात फौजेत गेलेला पहिला मी. पण फौजेचं मागनं सांगतो बाई, आधी डुकराचं सांगतो, कारण त्या डुकराशिवाय पुढचं तुमाला कळायचं नाय.

काय सांगू तुमाला, भात पोटरीला आलं, पोटात कणीस धरलं की रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत शेत नांगरल्यासारखं करायची. मग आमी आणि ठाकर मिळून रान उठवायचो, डबे बडवत, बोंबलत, आणि पुढं खिंडीत हिरामणचा बाप ठासणीची बंदूक घेऊन बसायचा. हिरामण म्हणजे माझा जोडीदार, माझ्याच वयाचा ठाकर. तर एकदा त्याच्या बापाचा बार डुकराच्या पोटात बसला, आतडी बाहेर लोंबतायत आणि ते तसंच जाळीत घुसलं. समदे म्हणाले, सोड रं, मरंल आपसूक. म्हातारा म्हणाला, घाव माझा हाय, आणि कोयता घेऊन एकटा आत शिरला. त्यांच्या वाडीची रीतच तशी, ज्यानं मारलं त्यानंच आधी जवळ जायचं, कुत्र्यांच्याही आधी, जीव उरला असंल तर संपवायचा, हातानं डोळे मिटायचे, मगच बाकीच्यांनी हात लावायचा. आत डुकरानं त्याची मांडी हाडापर्यंत फाडली. लंगडत बाहेर आला, पायातनं रक्ताची धार, आणि म्हणतो काय, मिटले रं, चला आता.

मग मी फौजेत गेलो. कुठली सरहद्द ते विचारू नका, बर्फाची होती एवढं लिहा. आमच्या चौकीवर माझ्या बाजूला रामसेवक असायचा, बिहारचा, तंबाखू मळायचा आणि अर्धी मला द्यायचा, न मागता. एका सकाळी धुकं इतकं दाट की स्वतःचा हात दिसंना, आणि त्या धुक्यातनं ते लोक सरळ आमच्या खंदकात उतरले. गोळी झाडायला जागाच नव्हती बाई, अंगावर अंग. रामसेवकच्या गळ्यात संगीन गेली ती मी बघितली, त्याच्या तोंडातनं आवाज नाय आला, तंबाखू आली, तंबाखू आणि रक्त. ज्यानं मारलं तो माझ्याकडं वळला आणि मी माझी संगीन त्याच्या बरगडीखाली घातली, ती अडकली, मग त्याच्या छातीवर पाय देऊन उपसली, परत घातली. तो माझा दंड धरून होता, घट्ट, पडायला लागलेला माणूस धरतो तसा. आमच्यातला एकजण बाजूला एका जखमी गनिमाच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता घालत होता, तो गनिम मेला तरी घालतच होता, हवालदारसाहेबांनी त्याला कमरेत धरून मागं ओढला. राग बाई, राग. माणूस उरत नाय तेव्हा.

सगळं थांबल्यावर माझं लक्ष मी मारलेल्या माणसाकडं गेलं. डोळे उघडे, वर आभाळाकडं, त्यात बर्फ पडतंय. आणि मला हिरामणचा बाप आठवला, तिथं, त्या खंदकात. मी वाकलो, मिटायला गेलो तर हातमोजा जाड, पापणी सापडंना, मग हातमोजा काढला. पापणी अजून गरम होती. हवालदारसाहेब ओरडले, पागल हो गया क्या, छोड उसको. मी सांगितलं, साब, हमारे गाँव में जो मारता है वही बंद करता है. ते जवळ आले, त्या माणसाकडं बघितलं. मग बाकीच्यांना म्हणाले, अपना-अपना देख लो. त्या दस्तेवाल्यानं मात्र नाय बघितलं, बघण्यासारखं काय उरलंच नव्हतं तिथं.

माझा पाय त्या लढाईत नाय गेला. तो नंतर गेला, शांततेत. उन्हाळ्यात बर्फ वितळलं, वरनं माती वाहून आली, आणि पाणी भरायच्या रोजच्या वाटंवर कुठला तरी जुना सुरुंग येऊन बसला. आमचा की त्यांचा, कुणालाच माहीत नाय. मी पाय ठेवला. माझा बूट मी समोरच्या झुडपात बघितला, आत पायासकट, नाडी बांधलेली. दवाखान्यात पडल्या पडल्या एकच विचार यायचा, ज्यानं तो पुरला तो म्हातारा होऊन मेलापण असंल, नायतर कुठंतरी नातवंडं खेळवत असंल, आणि त्याला ठाऊकच नाय की आज त्यानं यशवंतचा पाय खाल्ला.

नकली पाय लावून घरी आलो, दुकान टाकलं, लग्न झालं, प्रज्ञा झाली. प्रज्ञा माझी एकुलती एक. ती शाळंत होती तेव्हा ते बुधीचं झालं. बुधी म्हणजे हिरामणची बायको. माझा धाकटा चुलता बबनकाका, त्यानं डुकरांसाठी विजेच्या खांबावर आकडा टाकला आणि खाचराभोवती उघडी तार फिरवली. राखण करायची कटकट नको म्हणून. बुधी पहाटं डोक्यावर मोळी घेऊन उतरत होती. मला कुणीतरी बोलवायला आलं. मी सुक्या बांबूनं तिला तारेवरनं सोडवलं, हाताचं मांस तारेला चिकटून राहिलं होतं, आणि पदर अजून धुमसत होता. बबनकाका घरात बसून होता. म्हणाला, मी तर झोपलो होतो रं, मी काय केलं, तारेनं मारलं. हिरामण दारात येऊन उभा राहिला, हातात कोयता, आणि ओरडला, बाहेर ये, निदान तिला बघून तरी जा. काका नाय गेला. पोलीस आले, केस झाली, पुढं काका सुटला, पण तिच्याजवळ कधी गेला नाय. डोळे मी मिटायला गेलो. माझ्याकडनं मिटंनात, बाई.

आता प्रज्ञाचं. ती इंजिनियर झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. पेढे वाटून झाले, मग मी विचारलं, कंपनी काय बनवते गं. तिनं मोबाइलवर दाखवलं. चाकांवरची बंदूक, वर कॅमेरा. समोर माणसाच्या आकाराच्या फळ्या, बंदूक आपोआप वळते आणि फाड फाड फाड, फळ्यांचा भुगा. मी म्हटलं, चाप कोण ओढतं. ती म्हणाली, आत्ता लांब बसलेला माणूस परवानगी देतो, पण पुढं तेही लागणार नाही, मशीन स्वतः ओळखेल. मी म्हटलं, हे काम नको करू.

घरात वणवा पेटला. बायको, सुशीला, म्हणाली, लोकांच्या पोरींना नोकऱ्या मिळत नाय, आणि हे महाराज नको म्हणतायत. प्रज्ञा माझ्यापुढं उभी राहिली, माझा नकली पाय कोपऱ्यात होता तो उचलून आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाली, बाबा, तुमच्या जागी ते मशीन असतं तर रामसेवककाका आज जिवंत असते. तुमचा पाय असता. आणि तो दस्तेवाला आठवतो ना, तुम्हीच सांगितलाय. मशीनला राग येत नाही. मेलेल्याला मारत बसत नाही. बोला ना, काय चुकीचं बोलतेय मी?

काय चुकीचं नव्हतं त्यात. रामसेवकच्या आईला विचारलं असतं तर तिनं चार मशीनं मागितली असती. मी नुसतं म्हटलं, चल, हिरामणकडं जाऊ. मला वाटलं, तो सांगंल हिला.

ठाकरवाडीच्या चढावर माझा पाय रखडत होता, पोरगी पुढं, रागात, मागं बघत नाय. आणि हिरामणच्या शेताशी पोचलो तर काय, शेताभोवती तार. तीच, उघडी. माझं डोकं फिरलं. म्हटलं, हिरामण, लाज हाय का तुला, बुधी कशी गेली विसरलास काय? तो बांधावर विडी ओढत होता. म्हणाला, मग काय करू, पोरं कंपनीत जातात, राखणीला कोण हाय? तू येतोस एका पायावर? ये, माळा बांधून देतो. वर हसला लेकाचा.

प्रज्ञा मात्र वाकून तार बघत होती. म्हणाली, काका, काकी अशाच तारेनं गेली ना? हिरामणची विडी विझली. म्हणाला, तार तशीच गं. पण मी पहाटं कुणी वाटंला लागायच्या आधी काठी घेऊन समदी तार फिरून येतो, कोण अडकलंय का बघायला, पाऊस असो, ताप असो. मागल्या साली माझंच कुत्रं मेलं. मी गेलो, मिटले त्याचे डोळे, पुरलं. बबन आला नाय. आला असता तर कोयत्यानं डोसकं फोडलं असतं त्याचं, खरं सांगतो. पण यायला पायजे होता.

मी म्हटलं, आणि उद्या तुझ्या तारेवर कुणाची बुधी मेली तर? तो म्हणाला, तर त्यांनी माझं फोडावं, मी तिथंच उभा असंन.

बरोबर की चूक, मला आजपण सांगता येत नाय. ती तार काढ म्हणून मी अजून भांडतो त्याच्याशी, अजून ती तिथंच हाय. पण उतरताना पोरगी माझ्या बाजूनं चालत होती, माझा हात धरून. घरी आल्यावर मी म्हटलं, जा तू पुण्याला. एक अट. तुझं मशीन ज्याला मारील त्याला बघायला तू जायचं. ती म्हणाली, बाबा, ते कुठं तरी शेकडो मैल लांब असेल. मी म्हटलं, मग तेवढं लांब जा. ती म्हणाली, आणि जाऊ दिलं नाही तर? मी म्हटलं, तर समज की तुला बबन केलं, आणि घरी ये. टायर काढायला शिकवतो.

जयभीम बाबा म्हणाली, पाया पडली, नकली पायालासुद्धा हात लावला, आणि गेली.

आता दर रविवारी फोन येतो. मी जेवलीस का विचारायच्या आधी विचारतो, बघून आलीस का. ती म्हणते, बाबा, अजून फळ्यांवरच चाललंय. मी म्हणतो, फळी तर फळी. जाते ती, बरं का बाई. सगळे हसतात म्हणे, मॅडम भोकं मोजायला चालल्या. ती जाते, भोकात बोट घालून फोटो पाठवते. तुमच्या नातवंडांना दाखवायचा असंल तर देतो.

परवाचा फोन मात्र वेगळा होता. म्हणाली, बाबा, पुढच्या महिन्यात मशीन वर नेणार आहेत, बर्फात. मीही जाणार आहे, भांडून परवानगी घेतलीय. मग म्हणाली, डोळे मिटताना काही म्हणायचं असतं का हो?

मी म्हटलं, काय नाय म्हणायचं, पोरी. फक्त हातमोजा काढायचा.