गाण्यात नसलेला खडक

दुपारी सव्वाचारला — सव्वाचारलाच, तव्यावरची ओटची भाकरी उलटताना मी घड्याळ बघितलं होतं — तेव्हा तुम्ही आमच्या फाटकाशी उभे होतात आणि माझी लेक शोनाग तुम्हाला गाणं म्हणून दाखवत होती. तोंडात तुम्ही दिलेली गोड गोळी! उठू नका, बसा. चहा घ्या. आमच्या बेटावर दारात आलेल्याला चहाशिवाय वाटेला लावत नाहीत, चोरालासुद्धा. — अहो, तुम्हाला कुठं म्हटलं? लागलं का मनाला?

जुन्या नावांचा अभ्यास करता म्हणे. बरं. आमची गेलिक भाषा बोलता, पण ती खालच्या बेटांची, तेही कळतंय मला. टेकडीवर काय नावं नाहीत? भुताखेतांच्या गोष्टी पोत्यानं आहेत तिथं, त्या नाही विचारल्यात. तुम्हाला हवेत पाण्यातले खडक, तेही आमच्याच किनाऱ्याचे, तेही ओळीनं — आणि बुटाला माशाचे खवले! अभ्यासाला खवले चिकटतात वाटतं? कुणी पाठवलं? नका बोलू, मीच सांगते. मोठ्या बोटीवाल्यांनी. माझा नवरा लाखलन शेवंड कुठून आणतो, हे हुंगत फिरताहेत ते कधीचे. तेवढ्यावरच तर घर चालतं आमचं. बाकी आहे काय इथं — दगड आणि वारा.

बघू तुमच्या हातातला तो नकाशा. — अगं बाई. सगळी नावं बरोबर! फियाकिल ना कायलिख, म्हातारीची दाढ — परक्या राजाचं जहाज चावताना पडली ती, शोनागनं सांगितलंच असेल, तिला फार आवडतं ते. मग सीलांची न्हाणी, ती मिशाळ जनावरं डुंबतात तिथली. मग भिक्षूचं नाक, आणि नाकाखाली आमची शेवंड. लाखलनच्या आजोबांनी रचलेलं गाणं, घरच्यांना वाट कळावी म्हणून, आणि लेकीनं विकलं एका गोळीला! घ्या, मारा रेघ. न्हाणीपासून नाकापर्यंत सरळ मारलीत? मारा, मारा, छान आलीय. — हसले कुठं? नाही हसले. गाणं नीट ऐकलंत ना? न्हाणीनंतर पोर थांबली होती, श्वास धरून. तुम्हाला वाटलं, विसरली. विसरली नाही हो, तिथं थांबायचंच असतं, तिथं एक — जाऊ दे. चहा निवतोय.

कधी निघतेय तुमची बोट? — उद्या पहाटे? अर्ध्या ओहोटीला? — आणि बोटीत कोण? … तुम्ही स्वतः? पोहता येतं का? — हं, आमच्यातही कुणाला येत नाही. घरी कोण आहे? … आणि बाळ? … अजून रांगत पण नाही?

देवा. शोनाग, बाहेर जा, मांजर कुठं गेलं बघ. जा म्हणते ना! — हे बघा, हे नाव पोरांसमोर घेत नाहीत, आणि घरचं माणूस पाण्यावर असताना तर कुणीच घेत नाही. म्हणून गाण्यात तिथं नुसता श्वास आहे. आणि लाखलन आत्ता पाण्यावर आहे. एव्हाना होडी दिसायला हवी होती, अजून नाही दिसत, आणि तुम्ही माझ्याकडून —

रडतीची लाद. झालं. घेतलं नाव. नव्या नवरीला सासरी नेताना दिरांनी ओहोटीत त्या लादीवर उतरवली, शिंपल्या वेच म्हणाले, आणि पलीकडे लग्नाच्या दारूत तिला विसरून गेले. अर्ध्या ओहोटीला ती लाद वीतभर पाण्याखाली असते. दिसत नाही, रडणं तेवढं ऐकू येतं. तुमची रेघ तिच्या पोटावरून गेलीय. खोडा ती. न्हाणी संपली की नाकाकडे बघायचंच नाही, डावीकडे वळायचं, आणि चर्चचं छप्पर दिसायला लागेस्तोवर तसंच जायचं. शेवंड? न्या. काय करू मग, तुमचं बाळ डोळ्यांसमोर यायला लागलं तर?

आता उठा. राहू दे तो चहा. मला किनाऱ्यावर जाऊन उभं राहायचंय. आणि तुमच्या बोटीवाल्यांना, त्या बाजूनं जाणाऱ्या प्रत्येकाला सांगा — नाव नका घेऊ, निदान आज संध्याकाळपर्यंत तरी नका घेऊ — नुसतं सांगा, की न्हाणीनंतर श्वास धरा आणि डावीकडे वळा.