शर्यतीआधी वॅक्सिंग बंद

आमच्या अंजूआत्याशी वाद घालून कुणी जिंकलंय का, विचारताय? मी जिंकलेय, तेही पाण्यात.

चुलत बहिणीचं लग्न शुक्रवारी आणि माझी चाळिशीच्या गटातली पोहण्याची स्पर्धा रविवारी. आमच्या कोचनी सांगितलं होतं, तीन महिने वॅक्स नाही. केस वाढू द्यायचे आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळे काढायचे. मग अंगाला पाणी असं काही लागतं, की हात सुरीसारखा आत जातो.

गुरुवारी बेव्हर्ली पार्कात नवरीच्या घरी मेंदी होती. मेंदीवालीने माझा हात उलटा करून पाहिला आणि कोन खालीच ठेवला. "मॅडम, पहले वॅक्स करा लो. डिझाईन दिखेगा नहीं."

आत्याने कपाळावर हात मारला. "अगं, नवरीची बहीण तू! लोक काय म्हणतील? खाली पार्लर आहे, पटकन जाऊन ये."

"शनिवारी काढणार. त्याआधी एक केस निघणार नाही."

"एवढं काय मेलं त्या पोहण्यात?"

"रविवारी ये आणि बघ."

मेंदी मी फक्त तळहातावर काढून घेतली आणि लग्नात बिनबाह्यांचं ब्लाउज घालून मिरवले. शनिवारी रेझर फिरवला. रविवारी पहिली आले.

मेडल घेऊन वर गॅलरीत गेले, तर आत्या तीन अनोळखी बायकांना ठणकावून सांगत होती, "आमच्याकडे शर्यतीआधी तीन महिने वॅक्स बंद म्हणजे बंद. घरात लग्न असलं तरी!"