इंजिनचं नाक

आमी मूळचे ढाणकीचे, पिंजारी. अब्बाचा धंदा कापूस पिंजाचा न् गाद्या भराचा. घरात भाकरीवर रुई, पान्यात रुई, आईच्या डोक्यात रुई, तिचे केस कधी पिकले ते आमाले समजलंच नाही. अब्बा नाका-तोंडाले फडकं बांधून पिंजे, तरी खोकला काही त्याले सोडे नाही. सांजच्याले फडकं सोडलं का त्याच्यावर रुईचा हा जाडा थर, बोटानं सोलून काढा लागे. अब्बा म्हने, फडक्यानं धरलं ते दिसते बेटा, आत गेलं ते कोनाले दिसते. मी तवाच ठरवलं, कापसाच्या नादी लागाचं नाही, लोखंडाच्या कामात जाचं. आन नशीब पाहा, लोखंडात गेलो तं तिथंबी कापूसच आडवा आला.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्याले जोडला ना, त्याच साली मी दिग्रसले आलतो, जिनिंगच्या रस्त्यावर एका उस्तादापाशी ट्रकाचं काम शिकाले. उस्ताद तोंडाचा खराब, हाताचा सोनं. महाराष्ट्र झाला तवा उस्ताद नव्हता, त्याच जागी माह्यं टिनाचं छप्पर होतं, अब्बा-आईलेबी मी घेऊन आलतो, आन पुसद-दारव्ह्यापासून गाड्या माह्याकडं येत, त्या एकाच कामासाठी. क्रँकच्या मागच्या दोरीसाठी.

काय सांगू तुमाले, आता रबराचं सील असते, तवा दोरी राहे. क्रँक म्हंजे इंजिनच्या पोटातला मोठा दांडा, तो मागून बाहेर निघते तिथून तेल गळू नये म्हनून त्याच्या भोवती खाचेत काळी दोरी बसवाची. त्याच्यासाठी गेअरबॉक्स उतरवा, क्लच उतरवा, खालचं चेंबर काढा, दिवसभर गाडीखाली पाठीवर पडून राहा, तेल डोळ्यात पडते ते वेगळं. बाकीचे मिस्त्री दोरी हातोडीनं ठोकत. दोरी ठोकाची नसते भाऊ, ते तेलात भिजवाची न् गोल दांड्यानं दाबत दाबत लाटाची, पोळी लाटल्यावानी, आन टोकं कापतानी कागदाच्या जाडीइतकी वर ठेवाची. जास्त ठेवली का क्रँक जाम, कमी ठेवली का तेल आलंच. मंग माह्या छपराचा एक रिवाज होता. काम झालं का इंजिन चालू करून चांगलं गरम कराचं, आन गाडीच्या पोटाखाली चुलीतली राख चाळून पसरवाची. सकाळी राखेत एक काळा ठिपका दिसला तं गाडी सोडाची नाही, मालक कितीबी बोंबलो.

थावरा बंजारा, दिग्रसच्या पल्याडच्या तांड्यावरचा, एका शेठच्या ट्रकावर डायवर. जिनातून रुईच्या गठाणी भरून पुसदकडं नेये. त्याचा आजा बैलाइच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर फिरे, म्हनून हा ट्रकालेबी बैलच समजे. मिस्त्रीकडं आनाची तं आंघोळ घातल्याबिगर आनाची नाही, बॉनेट उघडून आतलं सारं पुसून-पासून, बांधलं-गुंडाळलं असंन ते काढून, पोळ्याच्या बैलावानी सजवून आनाची. मी हासो, अरे गाडी बिमार हाये, पोळ्याले नाही चालली. तो म्हने, गफूरभाई, हकिमाकडं काय कोनी मळकं जाते? त्याची बायको झमकी. ते मले भिया म्हने, त्याइच्या बोलीत भाऊ. बाजाराच्या दिवशी आमच्या घरी टेके, अब्बापाशी बसे, अब्बाच्या फडक्यावरचा थर पाहून हळहळे, म्हने बाबा, हे फडकं नसतं तं तुमचं काय झालं असतं.

तं थावऱ्याच्या गाडीची दोरी मी बदलली. सकाळी राख कोरी. गाडी गेली आन थोड्याच दिवसात परत आली, मागून तेल. मी पुन्हा सारं उतरवलं, दोरी पाह्यली तं नवीच्या नवी, तरी बदलली. राख कोरी. पुन्हा गेली, पुन्हा तेल. दारव्ह्याची गाडी कोरडी, पुसदची कोरडी, हेच एक रडे, आन तेबी माल भरून घाट चढली का. मी झोपेतबी दोरी लाटत राहो. थावऱ्याले म्हनलं, बापा, काही दिवस गाडी माह्यापाशी राहू दे, हे तेल क्लचवर गेलं तं क्लच घसरन, चढावर गाडी हातात राहनार नाही. तो म्हने, माह्यं काही नाही, शेठले सांग. शेठले सांगालेबी गेलो. शेठ म्हने, कापसाच्या टायमाले गाडी उभी ठेवू काय, तुह्यानं होत नसंन तं होत नाही म्हन. राख कोरी होती, मी गाडी सोडली. थावरा जातानी म्हने, गफूरभाई, तुह्या हातावर माहा भरोसा हाये.

मंग घाटातच झालं. संगं एक हमाल होता, त्यानं खाली उडी घेतली म्हनून तो वाचला, त्यानंच सांगितलं. चढावर इंजिन नुसतं आरडे न् गाडी पुढं सरकेच नाही, क्लच तेलानं वल्ला झालता. मंग गाडी मागं याले लागली, गठाणीचं वजन, ब्रेक कुठून धरन. मागून बैलबंड्याइची रांग चढून राह्यलती. थावऱ्यालेबी उडी मारता आली असती, पन त्यानं ईस्टेरिंग सोडलं नाही, बंड्याइले चुकवत चुकवत गाडी नाल्यात घातली. बैल वाचले, बंडीवाले वाचले. थावरा गेला.

दिग्रसात दुसरी बोलीच नाही, गफूरच्या दोरीनं मानूस मारला. शेठनं तं चौकात सांगितलं. मी घाटात गेलो, नाल्यात उतरलो, गाडी कलंडलेली होती, बॉनेट उघडलं आन पाह्यतच राह्यलो. इंजिनलेबी श्वास लागते भाऊ. आत जो धूर-वाफ कोंडते, ते बाहेर जाले वरती एक नळी असते, तिले आमी इंजिनचं नाक म्हनो. त्या नाकावर कापडाची टोपी बसवली होती, गच्च, नाडी घालून. वरून रुई, आतून तेल, दोन्हीचा मिळून नमद्यावानी थर झालता, अब्बाच्या फडक्यावर होये तसाच. नाक बंद झालं का कोंडलेली हवा तेलाले ढकलते, आन बाहेर निघाले सगळ्यात नरम जागा म्हंजे मागची दोरी. छपरात उभ्या गाडीले ते कायले समजन, माल घेऊन चढाले लागली का दम भरून येये. माह्याकडं आनतानी थावरा ते टोपी काढून ठेवे, धुऊन-पुसून आने ना, आन जिनात गेला का पुन्हा बसवे. दोरी चांगली होती. मी तिथंच नाल्यात बसून रडलो, थावऱ्यासाठी रडलो आन खोटं कायले बोलू, हात साफ निघाले म्हनूनबी रडलो. टोपी खिशात घातली न् थेट तांड्यावर गेलो, चार लोकाइत दाखवतो म्हनून.

झमकी अंगनात बसली होती. मले पाह्यलं आन उठून अंगावर आली, म्हने भिया म्हनत होती तुले, तुह्या हाताले कीडे पडो. लोक धराले धावले. ते छाती पिटून म्हने, मी तं माह्या फेटियाचं कापड फाडून त्याच्या गाडीच्या नाकाले शिवून देल्लं होतं, बाबा बांधतेत तसं, का रुई आत जाऊ नये, का गाडीले खोकला लागू नये, येवढी निगा राखली मी, आन तू मारलं त्याले.

खिशात माहा हात त्या टोपीवर होता. फेटियाचं कापड ते, घागऱ्याचं, काठाले एक आरसा शिवलेला, तो बोटाले लागून राह्यलता. मी हात बाहेर काढला, रिकामा. म्हनलं, हो बाई, माही दोरी खराब होती.

अब्बाले मातर सांगितलं, कोनाले तरी सांगा लागे. अब्बानं टोपी हातात घेऊन पाह्यली. मंग म्हने, पोरीनं माह्यं पाहून केलं. चुलीत टाक ते. मी टोपी चुलीत टाकली. त्या दिवसापासून अब्बानं तोंडाले फडकं बांधलं नाही. आई हातापाया पडली, मी ओरडलो, पन तो तसाच पिंजत राह्यला उघड्या तोंडानं, आन पुढचा हिवाळा काही त्याले निघाला नाही.

माह्याकडं ट्रक येनं बंद झालं. शेतातल्या पान्याच्या इंजिनाचं काम केलं, रॉकेलचे ईस्टो दुरुस्त केले, पोट भरलं. झमकी बाजारात दिसे. मले पाह्यलं का थुके. मी म्हनो, थुक बाई. माह्यावर थुकली का तिचं जरा हलकं होये, आन खरं समजलं असतं तं कोनावर थुकली असती? राग नाही आला असं नाही, लय येये. कधी कधी वाटे आत्ताच जाऊन सांगाव. मंग तो आरसा आठवे.

आता औंदा झमकी गेली, म्हतारी होऊन गेली, म्हनून तोंड उघडलं. दाखवाले माह्यापाशी काही नाही, खरं वाटलं तं लिहा, नाही तं राहू द्या. तिचा देव न् माहा अल्ला, कोनीबी असो, तिले थावऱ्यापाशी पोचतं करो, आन थावऱ्यानंबी तिले काही सांगू नये. मी काठी टेकत जिनाकडं जातो अजून, ट्रक उभा दिसला का डायवरले म्हनतो, बाबू, गाडीच्या नाकावर काही बांधलं तं नाही ना. पोट्टे हासतेत, म्हतारं सटकलं म्हनतेत. हासू द्या. मी म्हनतो, बांधलं असंन तं सोड बापा, आन कोन बांधून देल्लं ते मले सांगू नको.