गोजर गेली आणि मी राहिली

मन्हं नाव केसर. माहेर कोरीटचं, सासर हे प्रकाशा गावचं, आणि आता जाणं बी इथूनच, तापीकाठून. तुम्ही लिहून घेतो म्हणता तर घ्या, पण मन्ह्या बोलण्याला शेंडा ना बुडखा, एक सांगता सांगता दुसरं निघतं, ते तुमचं तुम्ही पाहून घ्या.

आमचं घर शेतकऱ्याचं. आबा, माय, मी आणि मन्ह्या पाठची गोजर. दोन लेकीच, पोरगा झाला नाही, त्याचं मायला वाईट वाटायचं, आबाला नाही. मी लहान व्हती तेव्हा चार पोरींसारखी पोर व्हती. मग एका साली मला हिवताप आला, बरेच दिवस बाजेवर पडून व्हती, उठली ती भुकेजलेली उठली आणि अंग भरायला लागलं. कसं भरलं ते मला सांगता येणार नाही. गोजर आणि मी एका ताटात जेवायचो, ती बोरीच्या काटकीसारखी राहिली आणि मी फुगत गेली. न्हाण यायच्या आधीच मन्हे दंड मायच्या दंडापेक्षा मोठे झाले. चोळी शिवली की उसवायची, पुन्हा शिवली की पुन्हा उसवायची. माय म्हणायची, अंग शे का काय शे वं तुन्हं. रागानं नाही, दमून म्हणायची.

गावच्या पोरींनी मन्हं नाव ठेवलं कोठी. धान्य भरायची मातीची कोठी असते ना, ती. विहिरीवर गेली की एक पोर ओरडायची, सरका वं, कोठी येई ऱ्हायनी. मी हसायची. काय सांगू तुम्हाला, आधी हसायची, कारण हसलं नाही तर त्या म्हणणार की हिला राग येतो, आणि राग येतो म्हटलं की जास्त चिडवतात. घागर भरायची, डोक्यावर घ्यायची आणि हसत हसत घरी यायची, आणि घरात शिरली की तोंड दुखायचं, हसून हसून दुखायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे झोके बांधतात, तुम्हाला ठाऊक असेल, लेकी माहेरी येतात, गाणी म्हणतात, उन्हातान्हात दिवसभर निंबाखाली पोरींचा गलका. त्या साली मी नवं लुगडं नेसून गेली. तर एक मोठी पोर म्हणाली, केसर, तू झोका दे, बठू नको, फांदी मोडी जाई. सगळ्या हसल्या. मग मी झोका दिला. सकाळपासून दिला, हात भरून आले तरी देत राहिली, आणि त्या गाणी म्हणत वर जायच्या, खाली यायच्या. मला गाणी सगळी पाठ व्हती, पण गाणं झोक्यावरच्या पोरीनं म्हणायचं असतं, देणारीनं नाही. मग गोजरची पाळी आली. ती बसली, मन्ह्याकडे पाहिलं आणि उतरली. म्हणाली, तू नई बठत ते मी बी नई बठत. आणि मन्हा हात धरून घरी चालली. केवढी व्हती हो ती, मन्ह्या खांद्याला लागायची. रस्त्यानं मी तिला म्हणत व्हती, जा ना, खेळ ना, तुला काय झालं. तिनं मन्हा हात सोडला नाही. तिला बोलायची सवयच कमी.

मग ते साल आलं. पाऊस आलाच नाही म्हणा, आभाळ यायचं आणि गुजरातकडे निघून जायचं. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि उभ्या उभ्या वाळली. लोकांनी झाडाचा पाला खाल्ला, डोंगरातून कंद आणून उकडले. गावातली माणसं वाळून कोळ झाली. आणि त्यात मी, अशीच्या अशी. कमी खायची, सगळ्यांसारखंच खायची, पण अंग काही हटायला तयार नाही. चांगल्या सालात जे अंग हसायला व्हतं, ते वाईट सालात लोकांच्या डोळ्यात सलायला लागलं. शेजारची एक बाई मायकडे पायलीभर ज्वारी मागायला आली. माय म्हणाली, बाई, आमचीच कोठी खाली शे, ये, डोकावून पाहा. ती बाई डोकावली नाही. दारात मी बसली व्हती, मन्ह्याकडे बोट केलं आणि म्हणाली, मंग हाई काय वारा खाई ऱ्हायनी का?

त्या दिवसापासून गावात झालं की यांच्या घरात दाणा दडवलेला शे, पोरीकडे पाहा. आबाशी चावडीवर लोक बोलेनासे झाले. आबा भला माणूस, कुणाला तोडून बोलला नाही कधी, तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. आणि मायनं मन्ही भाकर तोडली. पूर्ण व्हती ती अर्धी केली, अर्धी व्हती ती चतकोर. मला म्हणाली, बाहेर निघू नको, लोकांना दिसू नको, आणि थोडं उतर वं बेटा, थोडं उतर, आपली अब्रू जाई ऱ्हायनी. मी चतकोर भाकर खायची आणि पाणी प्यायची. अंगात चक्कर यायची, जातं ओढताना डोळ्यांपुढे काजवे यायचे, आणि अंग मात्र तसंच. मी रात्रंदिवस देवाला म्हणायची, मला वाळव, बाकी काही नको. गोजर मन्ह्याजवळ बसून जेवायची, मन्ही चतकोर संपली की ती बी आपली उरलेली तशीच ठेवायची, म्हणजे आम्ही दोघी बरोबर उठायचो. आबाला ते कळायचं. तो ताटावरून उठून जायचा.

त्याच साली मानमोडीचा ताप आला. माणूस सकाळी शेतात जायचं आणि संध्याकाळी खांद्यावर यायचं. सरपण पुरेना जाळायला. आमच्या घरात आधी आबा पडला, मग माय, मग गोजर. मीच तेवढी उभी. तेव्हा हे अंग कामाला आलं हो. आबाला एकटीनं उचलून बाजेवर ठेवायची, मायला परसात न्यायची, विहिरीवरून पाणी आणायची. विहिरीवर तेव्हा कुणी चिडवायला नव्हतं, विहीर मोकळी असायची. आबा उठला, माय उठली. गोजर उठली नाही. तापात ती फणफणायची आणि म्हणायची, माले तुन्हा मांडीवर ले, तुन्ही मांडी मऊ शे. मी घ्यायची. पाय मुंग्या येऊन बधिर व्हायचे तरी हलायची नाही. एका दुपारी ती तशीच मांडीवर व्हती आणि मी वारा घालत व्हती, आणि बऱ्याच वेळानं मला कळलं की मी उगाच वारा घालते.

माय अजून अशक्त, भिंतीला धरून आली. गोजरला पाहिलं. मग मन्ह्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि म्हणाली, एवढी मोठी हाई, देवले दिसनी नई का?

बस. एवढंच. मग ती पडली गोजरवर आणि रडायला लागली.

तुम्ही हे लिहा, पण मन्ह्या मायला वाईट म्हणू नका. तिच्या पोटचं गेलं व्हतं, ती शुद्धीत नव्हती. हे मला तेव्हाही कळत व्हतं. कळतं म्हणून लागत नाही असं नसतं ना. मला तेव्हा खरंच वाटलं की देवाची चूक झाली, आणि ती चूक मी आहे, आणि ती रोज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चालते, पाणी भरते, दळण दळते. मी एकदा विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहिली व्हती. खाली पाणी तळाला गेलेलं. मनात आलं, आपण उडी टाकली तर गाव म्हणेल, कोठीनं विहीर बुजवली. मेल्यावर बी हसतील. म्हणून परत आली. हसू नका. तुम्ही हसत नाही, बरं.

मग लग्नाचं पाहणं सुरू झालं. पाहुणे यायचे, गूळपाणी घ्यायचे, मी डोक्यावर पदर घेऊन यायची आणि त्यांचं बोलणं थांबायचं. एका बाईनं मन्हा दंड दाबून पाहिला, बाजारात म्हैस पाहतात तसा. म्हणाली, पोर गुणाची दिसते, पण आमचा पोरगा अजून लहान आहे. तो पोरगा बाहेर गाडीचे बैल सोडत व्हता, मिशा फुटलेला. पाहुणे गेले की आबा मला म्हणायचा, केसर, भाकर टाक बेटा, भूक लागनी. त्याला भूक नसायची. मला चुलीशी बसायला, धुरात डोळे पुसायला मिळावं म्हणून म्हणायचा.

शेवटी प्रकाशाचे हे आले. बिजवर. यांची पहिली बायको मानमोडीतच गेली. एकटेच आले, ओट्यावर बसले, मला एकदा पाहिलं आणि आबाला म्हणाले, मन्हं घर बंद पडलं आहे, माणूस पाहिजे. लग्न झालं. कासारणीच्या मोठ्यातल्या मोठ्या बांगड्या मन्ह्या हातात चढेनात, बाया पदर तोंडाला लावून हसत व्हत्या, ती कासारीण मात्र मला हळूच म्हणाली, हात मऊ सोड बेटा, आणि तेल लावून लावून तिनं एक एक चढवली. यांनी मला जन्मात कधी नाव ठेवलं नाही. कधी लाडानं हाक बी मारली नाही. पण ताटावर बसली असताना मला घासावरून कधी बोलले नाहीत, एवढं मी त्यांचं मानते.

पहिलं बाळंतपण माहेरी. पोरगा झाला. आणि माय, काय सांगू, मायनं मला खाऊ घालायला जे सुरू केलं, डिंक, शेपू, तुपात भिजवलेली भाकर, स्वतःच्या हातानं घास करून तोंडाशी धरायची, खाय वं बेटा, पोटभर खाय. मन्ह्या घशाखाली उतरायचं नाही. तिच्यासमोर खायचं म्हणजे मन्हा जीव घाबरा व्हायचा. एका दुपारी तिनं घास केला, पण तोंडाशी आणला नाही. म्हणाली, केसर, गोजर गई त्या दिन मी जे बोलनू ना.

इतक्या वर्षांत तिनं ते पहिल्यांदा काढलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे केस पिकले व्हते, हाडं निघाली व्हती. मी म्हणाली, कधी वं माय? माले काही आयकू उनं नई.

तिला ते खरं वाटलं की नाही, देव जाणे. मग तिनं घास मन्ह्या तोंडात घातला आणि मी तो खाल्ला. सगळा खाल्ला. दोन वर्षांनी माय गेली.

आता मन्हं काय. हेही गेले. अंग उतरलं, म्हातारपणानं उतरवलं, जे देवाला मागितलं ते त्यानं नको तेव्हा दिलं. सुना चांगल्या आहेत, म्हणतात, आत्या, आमच्या पंगतीला बसा. मी म्हणते, जेवा बेटा, मन्हं मागून. सगळे उठले की मी चुलीकडे तोंड करून दोन घास खाते, दार लोटून खाते. घरात कुणी काही बोलणारं नाही, मन्हा मलाच तो घास जड जातो. ही सवय मन्ह्याबरोबरच जाईल. तुमच्या घरात लेकरू असेल, जाड असो, बारीक असो, त्याला सुखानं घास लागो, एवढं मन्हं म्हणणं. ऊन उतरलं, नदीवरून गार वारा यायला लागला, तुम्ही आता बसा पाटावर, सून वाढते. मन्ह्यासाठी थांबू नका.